हप्ता दोघांचा, घर कुणाचं?

गृहकर्जाच्या अर्जावर माझ्या नावापुढे ‘सहकर्जदार’ असं छापलेलं होतं. बिल्डरकडून आलेल्या करारनाम्याच्या मसुद्यात मात्र खरेदीदार म्हणून एकच नाव होतं, नवऱ्याचं. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. बुकिंगचा फॉर्म त्याने भरला आणि तेच नाव पुढच्या प्रत्येक कागदावर सरकत गेलं. पुण्यातला ७० लाखांचा फ्लॅट, त्यासाठी ५२ लाखांचं कर्ज. ते त्याच्या एकट्याच्या पगारावर मिळत नव्हतं, म्हणून बँकेला माझी सही हवी होती.

कर्जाचा करार सांगतो, पैसे कुणी फेडायचे. खरेदीचा करारनामा सांगतो, घर कुणाचं. पहिल्यावर सही केली म्हणून दुसऱ्यात आपोआप नाव येत नाही. बँका सहसा प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार व्हायला लावतात, पण प्रत्येक सहकर्जदार मालक असावा असा आग्रह धरत नाहीत. त्यांना वसुलीशी मतलब. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार दोघांनी मिळून घेतलेलं कर्ज बँक कुणाही एकाकडून पूर्ण मागू शकते. ‘माझा अर्धा हप्ता मी भरलाय’ हे उत्तर तिथे चालत नाही.

मी ओळखीतल्या एका वकीलबाईंना मसुदा दाखवला. त्यांनी विचारलं, “उद्या यांना काही झालं, तर?”

मी म्हटलं, “घर मला मिळेल ना?”

“अर्धं मिळेल.”

आम्हाला लागू होणाऱ्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची मिळकत बायको, मुलं आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. आम्हाला मूल नाही. म्हणजे अर्धा फ्लॅट माझा, अर्धा सासूबाईंचा, आणि कर्ज मात्र बँक माझ्याकडून सगळं मागू शकणार. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं तर? नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा, त्याने मालकी ठरत नाही. व्याजावरची करवजावट घ्यायची तरी मालक असावं लागतं, नुसतं सहकर्जदार असून भागत नाही.

हे कळायला अर्धा तास पुरला. घरी बोलायला मी चार दिवस घेतले. ‘माझंही नाव घाला’ या वाक्याचा आपल्याकडे एकच अर्थ लावला जातो, ‘माझा तुमच्यावर भरवसा नाही.’

नवरा लगेच हो म्हणाला. बाबा, म्हणजे सासरे, गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, नाव कुणाचं का असेना, घर तुमच्या दोघांचंच ना?”

“मग दोघांचं नाव घालूया ना, बाबा.”

त्यांची अडचण नंतर कळली. निवृत्तीच्या पैशांतले १२ लाख त्यांनी या घरात घातले होते. माझं नाव लागलं की त्यातले निम्मे परस्पर माझे होणार, असं त्यांना वाटत होतं. ही भीती मला खोटी वाटली नाही. माझी शंका पैशांबद्दल होती, तशीच त्यांचीही.

उत्तर कायद्यातच होतं. दोघांच्या नावावर घर म्हणजे निम्मं-निम्मंच, असं नसतं. करारनाम्यात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. आम्ही वहीत मांडणी केली. बाबांचे १२ लाख नवऱ्याच्या बाजूला, आमच्या बचतीचे तीन-तीन लाख आणि कर्ज अर्धं-अर्धं. माझा वाटा ४१ टक्क्यांच्या आसपास निघाला. करारनाम्यात ६०-४० लिहिलं.

मध्येच नवऱ्याने सुचवलं, “फक्त तुझ्याच नावावर घेऊया की!” महाराष्ट्रात सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आमचे ७० हजार वाचले असते. मीच नको म्हटलं. कर्ज दोघांचं आणि घर एकट्या माझं, म्हणजे माझी अडचण उचलून त्याच्या गळ्यात घातल्यासारखं झालं असतं.

बिल्डरच्या ऑफिसात कुरकुर झाली, “मॅडम, आता सगळं परत टाईप करावं लागेल.” पण बदल करायचा तर तेव्हाच. २०१६च्या रेरा कायद्यानुसार करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, म्हणजे आपले फार पैसे अडकायच्या आत मसुदा वाचायला वेळ असतो. नोंदणीनंतर नाव घालायचं तर बक्षीसपत्रासारखा नवा दस्त, पुन्हा नोंदणी आणि घर गहाण असल्यामुळे बँकेची संमती, एवढं सगळं आलं. सहीच्या आधी कर्जाचा अर्ज आणि करारनामा शेजारी ठेवून नावं जुळवून पाहणं, एवढंच त्यापेक्षा सोपं आहे.

नोंदणी झाली, मूळ करारनामा बँकेत जमा झाला. बाबांना ‘गहाण’ हा शब्द खुपला. मी त्यांना समजावलं, की मालक आपणच राहतो, फक्त मूळ कागद बँकेकडे राहतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे.

त्यांनी इंडेक्स टूवरची दोन्ही नावं चष्मा लावून वाचली. आठवड्याने मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, “त्या वकीलबाईंना विचारून ठेव. आपल्या गावच्या घरावर हिचं नाव लावायचं असेल, तर काय काय कागद लागतील?”