दूरच्या वाटेची सायकल

पॅरिसहून अटलांटिककाठच्या ब्रेस्तला जाऊन परतण्याची सायकलशर्यत १८९१ साली प्रथम झाली. ती जिंकणाऱ्या शार्ल तेराँच्या सायकलीला मिशलँचे काढता-घालता येणारे हवेचे टायर होते. पंक्चर वाटेतच दुरुस्त करता येणे तेव्हा नवलाचे होते. व्यावसायिकांची शर्यत १९५१नंतर थांबली. उरली ती सुमारे १२०० किलोमीटरांची वाट आणि जास्तीत जास्त ९० तासांची मुदत.

या वाटेसाठी सायकल निवडणारा आरंभी वेगाचाच विचार करतो. हलकी फ्रेम मोह घालते. पण दुसऱ्या रात्री मनगटे बधिर होतात, तेव्हा वाचवलेले दोनशे ग्रॅम उपयोगी पडत नाहीत. किंचित उंच हँडल पडते. थोडा रुंद टायर रस्त्याचे हिसके स्वतः सोसतो. चढासाठी हलका गियर, अंधारासाठी पुढच्या चाकाच्या हबमधला डायनॅमो, पिशवीत ट्यूब, पंप आणि चेनची जादा कडी. ठरलेल्या ठाण्यांखेरीज सोबत्यांच्या गाडीची मदत चालत नाही.

ताज्या देहाने केलेली निवड अखेर थकलेल्या देहाला भोगायची असते. आपल्या उद्याच्या दुबळेपणाची ज्याला आज लाज वाटत नाही, त्याचीच सायकल बहुधा नीट सजते.