नाताळच्या चित्रपटांतला कारकून

नाताळ म्हटला की डोळ्यांपुढे येतो लाल डगल्यातला सांताक्लॉज, कागदी चांदणीचा कंदील आणि केक. परंतु या सणावर विलायतेत आणि अमेरिकेत निघालेले जुने चित्रपट जो नीट पाहील, त्याला त्यांत आणखी एक माणूस पुन्हा पुन्हा भेटेल. तो म्हणजे कारकून. कधी तो हिशेबाच्या वहीत मान घालून बसलेला असतो, कधी दुकानाच्या काउंटरमागे उभा असतो, तर कधी टपालाच्या गठ्ठ्यांत बुडालेला असतो. आम्ही स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ खर्डेघाशी करीत आलो, म्हणूनच कदाचित हे चित्रपट आम्हाला परके वाटले नाहीत. सण ज्याचा त्याचा. महिनाअखेर मात्र सर्वांचीच.

डिसेंबरच्या सुट्टीत रात्रीची जेवणे उरकली की आम्ही घरची मंडळी यांतला एकेक चित्रपट लावतो. चित्र काळे-पांढरे, मारामारी नाही, म्हणून थोरला आधी कुरकुरतो. अर्ध्या तासाने तोच म्हणतो, "आवाज वाढवा." पडद्याखाली इंग्रजी अक्षरे येतात, ती धाकटी वाचते, अडेल तिथे आम्ही अर्थ सांगतो, आणि पत्नीला न सांगताच बरेच कळते. देणेकरी दाराशी उभा असला की घरातल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे कळायला इंग्रजी यावे लागत नाही.

या साऱ्या कारकुनांचा मूळपुरुष म्हणजे बॉब क्रॅचिट. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही छोटी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आत संपल्या. बॉबला आठवड्याला १५ शिलिंग पगार. थंडीने बोटे गारठतात, पण कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत. नाताळची एक दिवसाची भरपगारी रजा मागितली तर मालक स्क्रूज म्हणतो, हा माझा खिसा कापणे आहे. डिकन्सने हे ऐकून लिहिलेले नाही. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी तुरुंगात घातले होते, तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवीत होता.

या कथेवर चित्रपट पुष्कळ निघाले. पहिला मूकपट १९०१ सालचा. त्यांत आम्हाला आवडतो तो १९५१ चा ब्रिटिश 'स्क्रूज'. ॲलिस्टर सिम या नटाने त्यात कंजूष म्हातारा असा उभा केला आहे, की त्याची चीडही येते आणि शेवटी त्याच्या आनंदात आपणही हसू लागतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बॉबला कामावर यायला उशीर होतो आणि तो मान खाली घालून टेबलाकडे सरकतो, तो प्रसंग हजेरीपटावर लाल रेघ खाल्लेल्या प्रत्येक माणसाने पाहावा. मालक रागावण्याऐवजी पगार वाढवतो. थोरल्याने विचारले, "बाबा, तुमचा पगार असा का नाही वाढत?" आम्ही म्हटले, बाळा, स्क्रूजला एका रात्रीत चार भुते भेटली, आम्हाला त्या कामी युनियन लागली. विनोद सोडला तरी मुद्दा उरतोच. मालकाच्या मनाच्या पालटावर ज्याची चूल अवलंबून, त्याची चूल कधीही विझू शकते.

दुसरा चित्रपट 'द शॉप अराउंड द कॉर्नर', साल १९४०, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. कथा हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातली. चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात काम करणारा तरुण आणि तरुणी दिवसभर एकमेकांशी भांडतात, आणि रात्री नाव न कळवता एकमेकांनाच प्रेमाची पत्रे लिहितात. गंमत तर आहेच. पण मालकाच्या मनातल्या एका खोट्या संशयावरून त्या तरुणाची नोकरी जाते, तेव्हा सारे दुकान गप्प होते, ती शांतता आम्हाला अधिक लक्षात राहिली. नोकरी गेलेल्या माणसाशी काय बोलावे हे सहकाऱ्यांना सुचत नाही. हे तसेच घडते, आम्ही पाहिले आहे.

तिसरा 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट', साल १९४७. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात सांताक्लॉजचे सोंग घेण्यासाठी ठेवलेला म्हातारा म्हणतो, मी खराच सांता आहे. त्याला वेडा ठरवण्यासाठी प्रकरण कोर्टात जाते. तिथे त्याला वाचवतो कोण? टपाल कचेरीत पत्रे छाननारा एक साधा कर्मचारी. सांताच्या नावाने मुलांनी धाडलेली पत्रे वर्षानुवर्षे साचलेली. तो म्हणतो, सगळी कोर्टात पाठवा, आपली अडगळ तरी कमी होईल. पोतीच्या पोती न्यायाधीशाच्या टेबलावर रिकामी होतात आणि वकील म्हणतो, सरकारचे टपालखाते ज्याला सांता मानते त्याला कोर्ट कसे नाकारणार? कचेरीत काम केलेल्या माणसाला याच्यासारखे हसू दुसरे नाही. म्हाताऱ्याचे काम करणाऱ्या एडमंड ग्वेन यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो चित्रपट, 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, नायक जेम्स स्ट्युअर्ट. २० डिसेंबर १९४६ रोजी तो न्यूयॉर्कला प्रथम दाखवला गेला. बर्फाळ गावाचे चित्रीकरण झाले कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात, बनावट बर्फावर. ऑस्करसाठी पाच नामांकने मिळाली, परंतु त्यांतले एकही हाती आले नाही, आणि कंपनीला तोटा झाला. सावकारी वृत्तीचा बँकवाला त्यात खलपुरुष दाखवला म्हणून १९४७ साली अमेरिकेच्या एफबीआयने त्याची साम्यवादी प्रचार म्हणून नोंद केली होती! पुढे १९७४ मध्ये त्याच्या हक्कांचे नूतनीकरण राहून गेले, टीव्ही केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळला पाहून पाहून लोकांनी त्याला आपलासा केला.

नायक जॉर्ज बेली एका लहान गावात वडिलांची 'बिल्डिंग अँड लोन' चालवतो. ही म्हणजे आपल्याकडच्या गृहकर्ज देणाऱ्या पतसंस्थेसारखी संस्था. सभासद पैसे ठेवतात आणि त्यांतूनच दुसऱ्या सभासदाला घरासाठी कर्ज मिळते. गावातला धनाढ्य पॉटर मोडकी घरे भाड्याने देतो. त्याला ही संस्था डोळ्यांत सलते. जॉर्जच्या लग्नाच्याच दिवशी गावात घबराट उठते आणि सभासद ठेवी काढायला धावतात. जॉर्ज त्यांना सांगतो, पैसा तिजोरीत नाही, तो तुमच्या शेजाऱ्याच्या घरात आहे. मग मधुचंद्रासाठी ठेवलेले २,००० डॉलर तो आणि त्याची पत्नी मेरी वाटून टाकतात.  एक बाई तर फक्त साडेसतरा डॉलर मागते. वाणिज्याच्या पुस्तकांतून ठेव आणि कर्ज यांचे नाते आम्ही शिकलो, पण या दहा मिनिटांइतके ते कोणी समजावले नव्हते.

वस्तीतल्या एका लहान बचत मंडळाचा हिशेब आम्ही पाहतो. एका वर्षी कुठलीशी पतसंस्था बुडाल्याची बातमी आली, आणि संध्याकाळी आमच्या दाराशी पासबुके घेऊन माणसे उभी राहिली. पैसा पेटीत नव्हताच. तो एकीच्या शिवणयंत्रात, दुसऱ्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीत आणि तिसऱ्याच्या छपराच्या पत्र्यांत होता. आम्ही वही उघडली आणि ओट्यावर बसून पान न् पान वाचून दाखवले. बहुतेक जण पासबुक खिशात घालून परत गेले. एका बाईंना औषधाला खरोखरच पैसे हवे होते, ते दिले. म्हणून तो प्रसंग लागला की आमच्या घरी कोणी बोलत नाही.

पुढे नाताळच्या आदल्या दिवशी जॉर्जच्या काकांच्या हातून संस्थेचे ८,००० डॉलर हरवतात. ते पॉटरच्या हाती पडतात, आणि तो ते गुपचूप ठेवून घेतो. त्याच दिवशी हिशेब तपासनीस दारात हजर! जॉर्जच्या मनात येते, आपल्या विमा पॉलिसीमुळे आपण जिवंतपणापेक्षा मेल्यावर जास्त मोलाचे. आणि तो नदीच्या पुलावर जातो. तिथे एक देवदूत त्याला दाखवतो, तू नसतास तर या गावाचे काय झाले असते. त्याने लहानपणी बुडताना वाचवलेला भाऊ मेलेला, गरिबांच्या घरांच्या जागी दफनभूमी, आणि गावाला नाव पॉटरचे. जॉर्ज घरी धावतो, तर सारे गाव टोपल्यांतून पैसे घेऊन आलेले. हिशेब तपासनीससुद्धा खिशात हात घालतो. पॉटरला शिक्षा मात्र शेवटपर्यंत होत नाही. धाकटी यावर फार चिडली. आम्हाला तोच भाग सर्वांत खरा वाटला.

आकाशातून देवदूत येतो हे आम्हाला पटत नाही, आणि पटण्याची गरजही नाही. नीट पाहा, पैसे देवदूताने आणले नाहीत. ते आणले मेरीने. जॉर्ज घरी येऊन मुलांवर ओरडतो, सामान फेकतो, पण काय झाले ते बायकोला सांगत नाही. तो निघून गेल्यावर ती काकांना फोन करते, खरे काय ते काढून घेते आणि चार घरी जाऊन सांगते, जॉर्ज अडचणीत आहे. बाकीचे गावाने केले.

आपल्या घरांतले कर्ते पुरुषही असेच असतात. नोकरी गेली, हप्ता थकला, हिशेबात तूट आली, की आधी अबोला, मग आरडाओरडा, आणि कधीकधी त्याच्याही पुढचे. घरात कोणी असा गप्प झाला, तर ही मेरी आठवा. चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा आहे. पुलावरच्या प्रसंगाला मुलांजवळ बसा, आणि तो संपल्यावर दिवा लावून एकमेकांना विचारा, की घरात कोणाच्या मनात काही अडले आहे का. उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.