केवडा लावा म्हणतोय, तोही मी!

वाडीच्या समुद्राकडच्या कडेचा केवडा तोडून टाका, असा धोशा मी घरात बरीच वर्षं लावला होता. कारणं तोंडपाठ होती. पानाच्या दोन्ही कडांना काटे, शिवाय मधल्या शिरेलाही खालून काटे. कोयता घेऊन आत शिरलं की हात सोलून निघालेच. बुंध्याशी सापाची धास्ती. देवाच्या कामाला म्हणावं, तर शंकराला चालत नाही. आई भाद्रपदात कणीस उकलून आतली पिवळट पात वेणीत माळायची, उरलेली साड्यांच्या ट्रंकेत टाकायची. तेवढ्यासाठी बाजारातून एक कणीस आणलं की झालं, हे माझं ठरलेलं उत्तर.

मत बदललं ते वासाने नव्हे. त्याच कडेला मी हौसेने मोगरा लावला, शेवंती लावली. खाऱ्या वाऱ्याने पानं टोकाकडून करपत गेली. शेजारी केवडा मात्र पुळणीत उभा, ना खत ना पाणी! मग ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुरू मुळासकट आडवे झाले, पोफळी मोडल्या. केवड्याच्या पानांच्या चिंध्या झाल्या, पण बेट जागचं हललं नाही. खोडातून निघालेली मनगटाएवढी मुळं तिरपी उतरून वाळूत रुतली होती आणि बेटामागची वाळू जिथल्या तिथे होती. त्या दिवसापासून कोयत्याची भाषा मी बंद केली.

ओडिशातल्या गंजामचे शेतकरी माझ्यापेक्षा शहाणे. तिथे केवडा बांधावर मुद्दाम राखतात, कणसं पहाटे तोडून भट्टीवर पोचवतात आणि त्यांचं अत्तर, रूह, केवडाजल निघतं. गंजामच्या केवडा रूहला भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या किनाऱ्यावर तोच केवडा, आणि आपण त्याला तोडायला निघालेले.

सापाचं म्हणाल, तर त्याला वासाचं वेड नसतं. दाट सावली, ओल, बेडूक, उंदीर, एवढं मिळालं की तो तिथे राहतो. बुंध्याशी पालापाचोळा, नारळाची सोडणं साचू देऊ नका. (काठी आपटल्याशिवाय मी अजूनही जवळ जात नाही, ते सोडा.)

लावणार असाल तर बी लावू नका. केवड्यात नर-मादी झाडं वेगळी. सुगंधी कणीस नराचं, मादीला अननसासारखं दिसणारं फळ. बियांपासून वाढवलेलं झाड नर की मादी, हे फुलेपर्यंत कळत नाही, आणि फुलायला तीन-चार वर्षं सहज जातात. म्हणून ज्या बेटाला कणीस आलेलं स्वतः पाहिलंय, त्याचाच फुटवा पावसाच्या तोंडावर काढा. समुद्राकडच्या गडग्यालगत लावा. पायवाट आणि पोरांची खेळायची जागा मात्र सोडून. आणि फुटवा काढायला जाताना जाड हातमोजे विसरू नका.