वरठीचे स्थानक, भंडाऱ्याचे घर

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली जलद गाडी सुमारे तासाभरात 'भंडारा रोड' या स्थानकावर पोहोचते. फलकावर नाव भंडाऱ्याचे असले तरी प्रवासी उतरतो तो वरठी या गावी. पितळी भांड्यांसाठी ख्यात असलेले भंडारा शहर तेथून सुमारे दहा किलोमीटर दूर, वैनगंगेच्या तीरावर वसले आहे. 1880 साली नागपूर ते तुमसर लोहमार्ग सुरू झाला, तो या नगराला बाजूला ठेवूनच. नागपुरात नोकरी किंवा इतवारीत व्यापार करून भंडाऱ्यात संसार थाटू पाहणाऱ्या कुटुंबाला आजही या दहा किलोमीटरांचा हिशेब प्रथम मांडावा लागतो.

'नागपूरपासून एका तासावर' असे सांगून जे भूखंड विकले जातात, त्यांच्या तासात घरापासून वरठीपर्यंतची वाट, फलाटावरील प्रतीक्षा आणि इतवारीच्या गर्दीतून दुकान गाठण्याचा वेळ धरलेला नसतो. महामार्गाने नागपूर साधारण साठ किलोमीटर आहे. बस थेट शहरातून सुटते, म्हणून शहरात राहणाऱ्यास ती सोयीची वाटते. मासिक पास काढून रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्यास मात्र वरठीतच राहणे अधिक परवडते. तेथे पोलाद कारखान्यामुळे वस्ती वाढलेली आहे. पण शाळा, दवाखाना, बाजार आणि मंदिर यांसाठी बहुधा शहराकडेच वळावे लागते. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळला जातो, त्या घराचा प्रश्न आणखी अवघड. डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. नागपुरात सहापर्यंत काम करणाऱ्याने तो नियम डब्यावरच पाळायचा.

नागपूर ते भंडारा रोड अशा ब्रॉडगेज मेट्रोचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. तिच्या भरवशावर आज वाढीव भाव मोजणे शहाणपणाचे नव्हे. ती आली तरी स्थानक वरठीलाच राहणार.

अंतराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष द्यावे ते नदीकडे. उन्हाळ्यात कारधा पुलावरून दिसणारे शांत पात्र पाहून वैनगंगेची कल्पना येत नाही. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेले पाणी खाली आले आणि शहराच्या सखल वस्त्यांतील कितीतरी घरे पाण्यात गेली. दक्षिणेस पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण असल्याने नदी पूर्वीसारखी मोकळी वाहत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोन रेषांमध्ये ते निर्बंधांसह करता येते. भूखंड कोणत्या बाजूस पडतो, हे दलालाला विचारण्याऐवजी नगररचना कार्यालयातील नकाशावर पाहावे. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर ओलीची रेघ किती उंच गेली होती, हेही तेथील वृद्धांना विचारावे. नकाशाइतकीच ती माहिती मोलाची असते.

नदीपासून दूर, खात रोडच्या बाजूस वस्ती वाढत आहे. शहराच्या कडेला ले-आउट पाडून भूखंड विकण्याची रीत येथे जुनी आहे आणि फसगत होते तीही याच ठिकाणी. सातबारा शेतीचाच असतो, अकृषक परवाना 'लवकरच' मिळणार असतो आणि रस्ता फक्त कागदावर रंगवलेला असतो. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्रावर भूखंड पाडले असतील, तर त्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी असायला हवी. तो क्रमांक मागावा. ले-आउट ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर नळाचे पाणी आणि सांडपाण्याचा मार्ग यांची चौकशी आधी करावी. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुष्कळ कुटुंबांना ती नोंदणीच्या दिवशी आठवते, तोवर करारनामा पतीच्या नावे तयार झालेला असतो.

घर पाहण्यास बहुतेक जण दिवाळीनंतर, कोरड्या रस्त्याने, रविवारी दुपारी येतात. श्रावणातील एखाद्या कामाच्या दिवशी, सायंकाळच्या गाडीने वरठीस उतरून, पावसात त्या भूखंडापर्यंत एकदा जाऊन पाहावे आणि इसार त्यानंतरच द्यावा.