जेडचा गारवा आणि उन्हाळ्यातील एक सकाळ

उन्हाळा सुरू झाला की घरातील वृद्धांचे जग दोन खोल्यांपुरते आक्रसते. ऊन बाधेल, गर्दी सोसणार नाही, या काळजीपोटी घरचीच माणसे त्यांना बाहेर पडू देत नाहीत. ही काळजी अनाठायी नाही. मात्र महिनोन्महिने घरात बसून पायांतील बळ आणि मनाची उमेद दोन्ही ओसरतात, हेही तितकेच खरे. म्हणून आपण हैदराबादेत राहत असाल, किंवा नांदेड-परभणीकडून तेथील नातलगांकडे जाणार असाल, तर एक सकाळ सालारजंग संग्रहालयातील जेडच्या दालनासाठी अवश्य राखून ठेवा.

मुसी नदीच्या काठावरील हे संग्रहालय मुख्यत्वे तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान (१८८९–१९४९) यांच्या संग्रहातून उभे राहिले. १९५१ साली ते त्यांच्या दिवाण देवडीत सुरू झाले आणि १९६८ मध्ये आजच्या इमारतीत आले.

प्रवासाची आखणी

सिकंदराबादहून जाणे सर्वांत सोयीचे. रेल्वे स्थानकाजवळच्या सिकंदराबाद पश्चिम या मेट्रो स्थानकावरून हिरव्या मार्गाची गाडी धरा. गांधी हॉस्पिटल, नारायणगुडा, सुलतान बाजार अशी स्थानके घेत ती महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत जाते. वाटेत गाडी बदलावी लागत नाही. मार्ग उंच खांबांवरून जात असला तरी स्थानकांत लिफ्ट आहेत, तेव्हा जिने चढण्याचा हट्ट धरू नका. डब्यात ज्येष्ठांसाठी राखीव आसने असतात; ती मागून घेण्यात संकोच कसला? शेवटच्या स्थानकापासून संग्रहालय जेमतेम दीड किलोमीटर आहे, पण उन्हात ते अंतर पायी तोडण्यात शहाणपण नाही. तेवढ्यापुरती रिक्षा करावी.

संग्रहालय सकाळी दहाला उघडते आणि शुक्रवारी बंद असते. दहाच्या ठोक्याला पोहोचलात, तर ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. चाकांची खुर्ची हवी असल्यास प्रवेशद्वारापाशीच चौकशी करा. सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा संकल्प मात्र सोडा. जेडचे दालन आणि अकरा वाजता प्रसिद्ध संगीत घड्याळातील छोट्या पुतळ्याने दिलेले टोले, एवढेच पुरे. तेथे बसायलाही मिळते.

दालनात काय पाहाल?

जहांगीराचा जेडचा खंजीर आणि नूरजहानची फळे कापण्याची सुरी या दालनाची शान आहेत. अल्तमशचे नाव कोरलेली ग्रंथ ठेवण्याची घडवंचीही येथेच आहे. मला विशेष वाटते ती शाहजहानची उपाधी कोरलेली तिरंदाजाची अंगठी. धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्याचे रक्षण व्हावे म्हणून ही घालत. उपयोगाच्या वस्तूचाच दागिना झाला.

जेड पोलादी छिन्नीने सहज कोरला जाणारा दगड नव्हे. त्याहून कठीण खड्यांची पूड आणि पाणी वापरून तो दिवसेंदिवस घासावा लागतो. ते गुळगुळीत अंग पाहिले की त्यामागील हातांची चिकाटी जाणवते.

दगडाचे औषध

या दगडाचे वैद्यकाशी जुने नाते आहे. ‘जेड’ हे नाव ज्या स्पॅनिश शब्दांवरून आले, त्यांचा अर्थ ‘कुशीचा दगड’. कुशीतील, म्हणजे मूत्रपिंडाच्या दुखण्यावर तो गुणकारी मानला जाई. त्याच्या एका प्रकाराचे ‘नेफ्राइट’ हे नावही मूत्रपिंडाच्या ग्रीक नावावरून पडले. आपल्याकडे मुघल काळात जेडचे पदक छातीवर रुळेल असे घालत. त्याला ‘हौलदिली’ म्हणत, कारण ते हृदयाची धडधड शमवते अशी श्रद्धा होती. आपला ‘हवालदिल’ हा शब्द याच कुळातला.

हा दगड त्वचेला गार लागतो, कारण तो अंगातील उष्णता कापडापेक्षा झपाट्याने ओढून घेतो. थोड्याच वेळात तो अंगाइतकाच कोमट होतो. म्हणजे हा गारवा स्पर्शापुरता आहे. शरीराचे तापमान त्याने उतरत नाही आणि धडधडही थांबत नाही. हौसेने जेड जरूर घाला, औषध म्हणून नको.

घालतानाही थोडी सावधगिरी हवी. उन्हाळ्यात काहींच्या हातांना सूज येते. अखंड जेडची बांगडी ताणली जात नाही, आणि अडकली तर प्रसंगी फोडावी लागते. ती सैल असावी. सूज जाणवताच काढून ठेवावी. घामाने कोंदणातील निकेलची ॲलर्जी बळावते. खाज सुटली तर दोष बहुधा दगडाचा नसून धातूचा असतो.

उतारवयात तहान मंदावते, म्हणून तहानेची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्या. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. मधुमेह असल्यास सोबत थोडे खाणे ठेवा.

वाटेत धडधड वाढली तर सावलीत बसा आणि नाडी पाहा. पाणी आणि विश्रांती घेऊनही ती थांबत नसेल, ठोके अनियमित वाटत असतील, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या. सोबत छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ असेल, अथवा अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुश्रूषा करणाऱ्यांनी ही लक्षणे पाठच करावीत. माणूस गोंधळला की आपले दुखणे त्याला स्वतः सांगता येत नाही.

साडेअकराला परत निघालात, तर दुपारच्या जेवणाला घरी पोहोचाल. काय पाहिले, हे सांगायला आजी-आजोबांपाशी त्या दिवशी नवे काहीतरी असेल. हवालदिल मनाला त्याचा आधार गळ्यातल्या पदकापेक्षा अधिक वाटतो, असा माझा अनुभव आहे.