वहिनीच्या फॉर्मातला दुसरा प्रश्न

गौतमपुरा म्हटलं की लोकांना आठवतं ते हिंगोट युद्ध. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलगी असे दोन पक्ष दारू भरलेली हिंगोटाची फळं एकमेकांवर फेकतात, टीव्हीवाले येतात. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं हे इंदूर जिल्ह्यातलं गाव माझं माहेर. माझी वहिनी तिथे 'आशा' कार्यकर्ती आहे. माहेरी गेले की तिच्याबरोबर मी वस्तीत फिरते.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म तिला भरावा लागतो. त्यात वयानंतरचा दुसराच प्रश्न तंबाखूचा. बायका पटकन "नाही" म्हणतात, कारण त्यांना वाटतं विचारलंय ते विडी-सिगारेटचं. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत तंबाखू घेणाऱ्या बायका १४ टक्क्यांच्या वर निघाल्या, पण ओढणाऱ्या अवघ्या २ टक्के. बाकीच्यांची तंबाखू तोंडातच असते. आपल्याकडे मशेरी, तिकडे पुडी. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, म्हणून दुकानदार पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या हातात ठेवतो. बंदीला अशी पळवाट! भिंतीवरच्या चित्रात मात्र पँट घातलेला पुरुष सिगारेट ओढत असतो.

एका मजुरणीला सहावा महिना होता. ती म्हणाली, "दीदी, दुपारी भाकरी नसली तरी चालते, पुडी नसली तर हात चालत नाहीत." भूक मारायला तंबाखू, हे आपण घरी बसून शहाणपण सांगणारे विसरतो. वहिनीने कॅन्सरचं नावही काढलं नाही. पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं, एवढंच सांगितलं. (ते खरंच आहे. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखी तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळलं.) तेव्हा कुठे बाईने मान वर केली.

तंबाखूच्या पाकिटावर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापतात. समुपदेशक बोलतात, पुन्हा फोनही करतात. शिवाय मिस कॉल दिला की मोबाइलवर संदेश येण्याची सरकारी योजनाही निघाली. कल्पना चांगलीच, पण घरातला मोबाइल असतो नवऱ्याच्या खिशात! समुपदेशकाचा फोन आला तेव्हा तो मंडीत होता. "तुझी चौकशी करणारा हा कोण?" म्हणून संध्याकाळी घरात रामायण झालं. संदेश आला तरी तिला वाचता येत नाही, ते वेगळंच.

शेवटी वहिनीने स्वतःचा नंबर दिला. संदेश तिच्या फोनवर येतो, ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचते, आजूबाजूच्या चारजणी ऐकतात. सासूही ऐकते, जिने पहिली चिमूट सुनेच्या हातावर ठेवली होती. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, हे आधीच सांगितलं म्हणून बाई घाबरली नाही. तलफ आली की बडीशेप, घोटभर पाणी, थोडी वाट पाहायची.

मी निघाले तेव्हा दिवसाच्या पाच पुड्यांची एक झाली होती, तीही दुपारच्या कामावरची. फॉर्मात "कमी केली" असा रकाना नाही. वहिनीने नाइलाजाने "रोज" वर खूण केली आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, "५ ची १."