छप्पर फक्त वरच्या मजल्याचं नसतं

तुमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाद होत असतील, पाण्यावरून होत असतील. आमच्याकडे गेल्या वर्षी कौलांवरून झाला.

पुण्यातली आमची सोसायटी साठ वर्षं जुनी. तळमजला आणि वर एक मजला अशा तीन इमारती, बारा बिऱ्हाडं आणि वर उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर. दर पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी घरात बादल्या मांडायच्या. शेवटी छप्पर बदलायचं ठरलं. मी घरून काम करते, म्हणजे मला वेळच वेळ, असं समजून कमिटीने टिपणं काढायचं काम माझ्याकडे दिलं. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते. कौलं नसली तरी गच्ची तुमच्याकडेही असेलच.

पहिली गोष्ट, कौल सहसा आधी जात नाही, त्याखालचं लाकूड जातं. मंगळुरूला बासेल मिशनच्या लोकांनी १८६० च्या दशकात ही कौलं बनवायला सुरुवात केली. चांगली भाजलेली कौलं पिढ्यानपिढ्या टिकतात. पण रिपा आणि वासे वाळवीने पोखरले की कौलं सरकतात आणि पाणी आत येतं. एक कौल साधारण दोन-अडीच किलोचं असतं आणि १०० चौरस फुटांना सुमारे १५० कौलं लागतात. म्हणजे एका लहान खोलीवर ३०० किलोंहून जास्त वजन! ते कुजक्या लाकडावर ठेवून झोपायचं का, हा प्रश्न आधी सोडवा. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी.

दुसरं, सगळी कौलं फेकू नका. उतरवलेलं कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला काढा. मात्र जुनी आणि नवी कौलं एकाच उतारावर मिसळू नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. आम्ही एका उतारावर जुनी लावली, दुसऱ्यावर नवी. शंभरेक कौलं जिन्याखाली रचून ठेवली, पुढे एखादं फुटलं तर असावीत म्हणून.

तिसरं, कोटेशन मागवण्याआधी कामांची एकच यादी करा आणि तीच सगळ्यांना द्या. परांची, राडारोडा उचलणं, पन्हळी, ताडपत्री, वाहतुकीत फुटणारी कौलं हे सगळं त्यात लिहा. नाहीतर सगळ्यात स्वस्त वाटणारं कोटेशन शेवटी सगळ्यात महाग पडतं.

आणि वेळ! दिवाळीनंतर पाहणी, डिसेंबरात कोटेशन, जानेवारीत सभा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काम. एप्रिल-मे उजाडला की वळवाचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. एका वेळी एकाच इमारतीचं छप्पर उघडा.

एवढं सगळं कागदावर आलं आणि सभेत गाडी अडली ती पैशांवर. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्या डोक्यावर कौलं कुठे आहेत? आमच्या डोक्यावर वरच्यांचं घर आहे. त्यांनी भरावे." आजी काहीच बोलल्या नाहीत. पेन्शनीत एवढा खर्च कसा बसवायचा, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

उपविधी उघडून पाहिले. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. साठ वर्षांपूर्वीचा बांधकाम खर्च आजच्या मानाने इतका किरकोळ की त्या टक्क्याने जमलेल्या पैशांत एका इमारतीचंही काम झालं नसतं. पण हा आकडा किमान आहे, सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते. आणि छप्पर सोसायटीचं असतं, त्याची दुरुस्ती सोसायटीनेच करायची. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तुमच्याकडचे नियम बघून घ्या, पण बघा नक्की.

नियमापेक्षा काकांना हलवलं ते इंजिनिअरच्या एका फोटोने. वाशाचं टोक कुजून पाणी भिंतीत उतरत होतं आणि काकांच्या स्वयंपाकघरातली जुनी ओल थेट त्या वाशाखाली होती. ते बराच वेळ फोटो बघत बसले. मग म्हणाले, "मला पूर्ण पटलेलं नाही. पण पैसे भरतो." बारा बिऱ्हाडांनी समान हप्त्यांत वर्गणी भरायचं ठरलं. आजींना हप्ते थोडे लांबवून दिले.

यंदाच्या पावसात आजींच्या बादल्या मोरीतच राहिल्या. काकांची भिंत अजून वाळते आहे, तिला वेळ लागेल असं इंजिनिअर म्हणाले.

तुमच्या सोसायटीत हा विषय निघाला तर आधी एक करा. तळमजल्यावरच्या आणि वरच्या मजल्यावरच्या माणसांना बरोबर घेऊन जिना चढा आणि छप्पर आतून बघा. मग सभा बोलवा.